पीक विमा भरला म्हणजे झालं असं नाही: मराठवाड्यातल्या शेतकऱ्यासाठी फॉर्मपासून खात्यात पैसे येईपर्यंतचं सगळं

२०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी सगळ्याच एकदम फुगल्या, परंडा-भूमपासून पार नांदेडपर्यंत सोयाबीन पाण्यात उभं होतं आणि गावोगावच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता की ७२ तासांच्या आत कंपनीला कळवा नाहीतर विमा गेला. लोक गुडघाभर चिखलात उतरून फोटो काढत होते, नेटवर्क नाही म्हणून टेकडावर जाऊन अॅप उघडत होते. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) त्या हंगामात आपल्या राज्याच्या विम्यात वैयक्तिक नुकसानीचं कलमच ठेवलेलं नव्हतं. कळवा नाहीतर नका कळवू, त्या फोटोवर विम्याचा एक रुपया निघणार नव्हता. पैसे ठरणार होते ते फक्त महसूल मंडळातल्या (म्हणजे दहा-पंधरा गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगावर, काही रानांतला ठराविक तुकडा कापून, मळून वजन करतात त्यावर, आणि त्या प्रयोगाच्या दिवशी बांधावर किती शेतकरी होते ते आपापल्या गावात आठवून बघा.

म्हणून हा लेख जरा लांब लिहितोय. फॉर्म कसा भरायचा हे सीएससीवाला (गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रावरचा) पोरगा सांगतोच, पण पैसे कुठं अडकतात ते तो सांगत नाही. माझं म्हणणं एकच आहे, विम्यात सहभाग घ्यायचा तर हप्ता भरून मोकळं होऊन चालत नाही, कापणी प्रयोगापर्यंत मागं लागावं लागतं.

आधी हे बघा की यंदाच्या विम्यात नेमकं काय बसतं

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून चालू आहे. मूळ योजनेत बरंच काही आहे, पेरणीच झाली नाही तर, हंगामाच्या मध्येच पीक जळालं किंवा बुडालं तर, गारपीट-ढगफुटी-पाणी साचणं अशी स्थानिक आपत्ती, आणि कापून रानात पसरलेलं पीक १४ दिवसांच्या आत अवकाळीनं भिजलं तर. पण यातलं काय काय लागू करायचं हे राज्य ठरवतं. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, तेव्हा ही सगळी कलमं चालू होती. मग बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला, गायरानावर अन देवस्थानच्या जमिनीवर सुद्धा विमे निघाले, आणि २०२५ च्या खरिपापासून सरकारनं एक रुपया बंद केला आणि सोबत ही जादाची कलमंही काढून टाकली. राहिलं फक्त एक, पीक कापणी प्रयोगातून निघालेलं उत्पन्न.

त्यामुळं दरवर्षी मे-जूनमध्ये त्या हंगामाचा जीआर आला की पहिलं काम हे, त्यात 'जोखमीच्या बाबी' असं एक कलम असतं तेवढं वाचायचं. कृषी कार्यालयात विचारा, सहायक कृषी अधिकाऱ्याला (म्हणजे आपले आधीचे कृषी सहायक) विचारा, पण मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. इथं मी २०२५ च्या नियमांवर बोलतोय, तुमच्या हंगामाच्या जीआरशी ताडून घ्या.

तुमचं पीक तुमच्या मंडळात अधिसूचित आहे का

राज्यात खरिपाची १४ पिकं योजनेत आहेत: भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तूर, मूग, उडीद, सोयाबीन, भुईमूग, तीळ, कारळे, कापूस आणि कांदा. पण राज्याच्या यादीत पीक आहे म्हणजे तुमच्या मंडळात अधिसूचित, म्हणजे विम्यासाठी जाहीर केलेलं, आहे असं नाही. ज्या भागात ज्या पिकाचा पेरा पुरेसा नाही तिथं ते पीक अधिसूचित करत नाहीत, कारण कापणी प्रयोग घ्यायला तेवढी रानंच नसतात.

सोयाबीन-तूर-कापूसवाल्यांना याची फार चिंता नाही. अडचण होते ती भातवाल्यांची. आपल्या मराठवाड्यात भात म्हटलं की लोक हसतात पण किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात आणि तेलंगणाच्या शिवेला लागून जे थोडेफार भात लावतात त्यांनी फॉर्म भरायच्या आधी हे बघायलाच पाहिजे की आपल्या तालुक्यात, आपल्या मंडळात भात अधिसूचित आहे की नाही. नसेल तर भाताचा विमा निघतच नाही, आणि मग कुणी म्हणतं की सोयाबीन टाकून देऊ, चालतंय. नाही चालत. रानात भात आणि अर्जात सोयाबीन म्हणजे तो अर्ज बोगस ठरतो, आणि नवीन नियमात बोगस अर्ज करणाऱ्याला पाच वर्षं सरकारी योजनांतून बाहेर ठेवायची तरतूद आहे.

भाताबद्दल अजून एक, कारण यात बदल झालाय. भाताच्या रानात पाणी साचून झालेलं नुकसान २०१८ मध्ये स्थानिक आपत्तीतून वगळलं होतं, कारण दिलं की भात पाण्यातलंच पीक, नुकसान मोजायचं कसं. पुराच्या पट्ट्यात आठ-दहा दिवस बुडून सडलेल्या भाताला हे कारण सांगणं म्हणजे कमालच होती. केंद्रानं १८ नोव्हेंबर २०२५ ला जाहीर केलं की खरीप २०२६ पासून भाताचं पाण्याखाली जाणं परत धरलं जाईल, आणि रानडुक्कर-नीलगाय असल्या जंगली जनावरांनी केलेलं नुकसानही जादाचं संरक्षण म्हणून घेता येईल. ऐकायला चांगलं आहे, पण जंगली जनावरांच्या बाबतीत कोणती जनावरं अन कोणते जिल्हे हे राज्यानं ठरवायचंय, त्यामुळं दोन्ही गोष्टी राज्याच्या अधिसूचनेत शोधा. असतील तर मग मात्र ७२ तास पाळायचे, अॅपवर जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेल्या) फोटोसहित कळवायचं, तिथं उशीर चालत नाही.

भरावा का नको, हिशेब

शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना ५ टक्के, उरलेलं केंद्र अन राज्य भरतं. जास्तीत जास्त म्हणतोय कारण जिल्ह्याच्या टेंडरमध्ये कंपनीचा दरच त्याहून कमी आला असेल तर तेवढाच घेतात, म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या पाहुण्याला कमी पैसे लागले तर भांडू नका.

समजा सोयाबीनची विमा संरक्षित रक्कम (जास्तीत जास्त मिळू शकणारी भरपाई) हेक्टरी ५८,००० आहे, तर २ टक्क्यानं ११६० रुपये हेक्टरी, एकरी ४६४. एका फवारणीच्या औषधाला यापेक्षा जास्त जातात. एक रुपया बंद झाल्यावर अर्ज धाडकन कमी झाले. लोकांचा रागही समजतो, भरून भरून काहीच मिळालं नाही असे कितीतरी आहेत. पण माझं मत विचाराल तर नदीकाठचं किंवा सखल मंडळ असेल, जिथं पाणी आलं तर सगळ्याच गावांचं जातं, तिथं भरावाच. याउलट मंडळ मोठं आहे, बाकी गावं चांगली आणि तुमचं एकट्याचंच रान ओढ्याकाठी दरवर्षी बुडतं, तर सध्याच्या पद्धतीत तुम्हाला विम्याचा फायदा फार कमी आहे, हे कडू आहे पण खरंय. का, ते पुढं हिशेबात येईल.

कर्जदारांचं वेगळं. २०२० च्या खरिपापासून विमा ऐच्छिक आहे, पण पीककर्ज घेतलेलं असेल तर बँक आपोआप हप्ता कापते. नको असेल तर शेवटच्या तारखेच्या ७ दिवस आधी बँकेत लेखी द्यायचं. हवा असेल तरी बँकेत एक चक्कर मारा, कारण बँक तिच्या कागदावर जे पीक आहे तेच टाकते. कर्ज उचलताना कापूस लिहिला होता आणि पेरलं सोयाबीन, असं आपल्याकडं घरटी एक उदाहरण सापडेल. पीक बदललं असेल तर मुदतीच्या आत बँकेला लेखी कळवून पोच घ्या.

कागदं

शेतकरी आयडी म्हणजे अॅग्रीस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) फार्मर आयडी आधी काढून ठेवा, तो नसेल तर पुढं काहीच सरकत नाही. त्यात तुमचे सगळे गट आलेत का ते बघा. वडिलोपार्जित रान चार ठिकाणी असतं आणि आयडीला दोनच गट जोडलेले असतात, मग सीएससीवर ऐन गर्दीत कळतं.

बाकी सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, पीक पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. बटईनं किंवा ठोक्यानं रान केलं असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, साध्या स्टॅम्पवर लिहून चालत नाही. आता खरं बोलायचं तर आपल्याकडं बटईचा करार तोंडीच असतो आणि मालक नोंदणीला तयार होत नाही, त्यामुळं घाम गाळणारा एक अन विमा दुसऱ्याच्या नावावर असं सर्रास चालतं. यावर माझ्याकडं जादूचा उपाय नाही, निदान पेरणीच्या आधीच मालकाशी बोलून ठेवा की विमा कोण भरणार अन आला तर कुणाचा.

नावाचं बघा. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं, पासबुकात तिसरंच स्पेलिंग. आडनावात थोडाफार फरक असेल तर चालतं पण अख्खं नावच वेगळं असेल तर अर्ज परत येतो. आणि बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात येणं) चालू असलेलं. दोन-तीन खाती असतील तर पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, लोक मात्र जुनं पासबुक भरत बसतात.

फॉर्म भरताना

सीएससीवर फॉर्म भरायला केंद्रचालकाला कंपनीकडून अर्जामागं ४० रुपये मिळतात. तुम्ही फक्त विमा हप्ता द्यायचा. झेरॉक्स, सातबारा काढायचे पैसे वेगळे, ते ठीक आहे, पण 'फॉर्मचे दोनशे' असं कुणी म्हणत असेल तर द्यायचे नाहीत. स्वतः केंद्राच्या पीक विमा पोर्टलवरून किंवा मोबाईलमधल्या क्रॉप इन्शुरन्स अॅपवरूनही भरता येतो, घरात शिकलेलं लेकरू असेल तर त्याला बसवा.

शेवटच्या दोन दिवसांत जाऊ नका हे सगळेच सांगतात आणि सगळेच शेवटच्या दोन दिवसांत जातात. खरिपाची तारीख साधारण ३१ जुलै असते, वाढतेही, २०२५ ला वाढलीच होती, पण वाढेल या भरवशावर बसू नका, सर्व्हर बसतो.

पावती हातात आली की खिशात घालायच्या आधी तिथंच उभं राहून या गोष्टी वाचा: गाव, मंडळ, गट नंबर, पीक, क्षेत्र, खाते नंबर. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, एक एकर म्हणजे ४० आर, दीड एकर ०.६० हेक्टर. पोटखराब धरायचं नाही. सामायिक खात्यात आपल्या हिश्श्यापुरतंच टाका, भावानं पण तोच गट पूर्ण टाकला तर दोघांचेही अडकतात.

आंतरपीक असेल तर ओळींच्या प्रमाणात क्षेत्र वाटायचं. सोयाबीनच्या चार ओळी अन तुरीच्या दोन, तर एक हेक्टरात सोयाबीन ०.६७ अन तूर ०.३३. बरेच जण हेक्टरभर सोयाबीनच टाकतात कारण सोपं पडतं, आणि मग पीक पाहणीत मिश्र पीक दिसलं की तफावत.

अर्ज भरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पोर्टलवर पावती नंबर टाकून स्टेटस बघा. 'अप्रूव्ह' आहे का, का काही त्रुटी काढून परत पाठवलाय. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर तो गेला, आणि मेसेज ज्या नंबरवर येतो तो नंबर बहुतेक वेळा केंद्रचालकानं स्वतःचाच टाकलेला असतो. म्हणून मोबाईल नंबर तुमचाच टाकायला लावा.

ई-पीक पाहणी, इथं सगळ्यात जास्त लोक घसरतात

ई-पीक पाहणी म्हणजे रानातलं पीक मोबाईल अॅपवरून स्वतः सातबाऱ्यावर नोंदवायचं, ही २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर आहे, सगळ्यांना माहितीय, तरी पण 'तलाठी करतोच की' म्हणून सोडून देतात. विम्याच्या अर्जातलं पीक आणि ई-पीक पाहणीतलं पीक जुळलं नाही तर अर्ज रद्द होतो, सरळ नियम आहे.

अॅप डीसीएसवालं (डिजिटल क्रॉप सर्व्हे), नवीन व्हर्जन घ्या. आणि पाहणी रानात उभं राहूनच करायची, घरात बसून होत नाही, फोटो काढताना अॅप तुमचं ठिकाण बघतं. बांधावर एका टोकाला उभं राहिलं तर 'आपण गटापासून दूर आहात' असं काहीतरी दाखवतं, तेव्हा चार पावलं आत, पिकात जाऊन उभं राहायचं, लोकेशन पक्कं व्हायला मिनिटभर द्यायचा आणि मग फोटो. आभाळ भरून आलेलं असलं तर जीपीएस जरा गंडतं, उघडीप बघून जा. नेट नसलं तरी माहिती भरून ठेवता येते, नंतर रेंजमध्ये येऊन अपलोड मारायचं, पण हे अपलोड विसरतात हो लोक. पेरणीची तारीख विम्याच्या अर्जात लिहिली तीच टाका.

म्हाताऱ्या माणसांना, ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना गावातल्या एखाद्या पोरानं करून द्यावं. शेतकऱ्यांची मुदत संपली की पीक पाहणीसाठी नेमलेल्या सहायकाकडून उरलेल्या गटांची पाहणी होते, त्यात तुमचा गट कोणत्या पिकाखाली गेला हे नंतर सातबाऱ्यावर बघाच. 'पड' लागलेली रानं मी पाहिलीत, रानात तूर कमरेला आली होती. चुकलं असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं (तलाठीच ते) लगेच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, डिसेंबरात जाऊन उपयोग नाही.

पाऊस पडला, पीक गेलं, आता काय

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या मिसळल्या की गोंधळ होतो.

एक, सरकारी मदत. मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर पंचनामा होऊन आपत्ती निधीतून मदत मिळते. जिरायतीला हेक्टरी ८,५०० हा मूळ दर. २०२५ ला ऑक्टोबरात राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं ते या बाजूचं. यासाठी विमा भरलेला असायची गरज नाही.

दुसरी, विमा. पंचनाम्यात ८० टक्के नुकसान लिहिलं म्हणून विमा ८० टक्के मिळत नाही, दोघांचा हिशेबच वेगळा आहे. आणि सरकारी मदत मिळाली म्हणून विमा कापलाही जात नाही, हेही लक्षात ठेवा, कारण 'तुला मदत मिळाली की' असं सांगून परत पाठवणारे भेटतात.

तुमच्या हंगामात स्थानिक आपत्ती लागू असेल तर ७२ तास. अॅपवर किंवा १४४४७ या हेल्पलाइनवर कळवा, तक्रार क्रमांक म्हणजे डॉकेट आयडी लिहून घ्या, स्क्रीनशॉट ठेवा. कारण निवडताना पाणी साचलं असेल तर 'क्षेत्र जलमय' असंच निवडा, नुसता 'अतिवृष्टी' नाही. कंपनीचा माणूस पाहणीला आला की सोबत रानात जा, फॉर्मवर टक्केवारी कोरी ठेवून सही मागितली तर करू नका, आकडा लिहायला लावा आणि त्या कागदाचा फोटो घ्या. ७२ तासांवरून काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. २०२० च्या खरिपात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लाखो शेतकऱ्यांना वेळेत कळवलं नाही म्हणून भरपाई नाकारली, प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि २०२२ ला निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला. पण दोन वर्षं गेली.

लागू नसेल तर फोटो विम्यासाठी नाही पण पंचनाम्यासाठी कामाला येतात, काढून ठेवा, तारीख दिसेल असे.

पीक कापणी प्रयोग, इथंच खरे पैसे ठरतात

आता मुख्य गोष्ट. विम्याचं एकक आपल्याकडं महसूल मंडळ आहे, म्हणजे दहा-पंधरा, कुठं त्याहून जास्त गावं मिळून एक. त्या मंडळात काही गावांत, काही गट नंबर रँडम पद्धतीनं निवडून तिथं ठराविक मापाचा तुकडा कापून, मळून, वजन करतात. त्याची सरासरी म्हणजे मंडळाचं उत्पन्न. सोयाबीन-भातासारख्या पिकांत सॅटेलाइटच्या अंदाजालाही आता वजन असतं, केंद्राच्या नियमात किमान ३० टक्के, पण उरलेला आकडा बांधावरच तयार होतो.

काम महसूल, कृषी आणि ग्रामपंचायतीकडच्या कर्मचाऱ्यांत वाटलेलं असतं. कोणत्या गटात प्रयोग आहे हे कृषी कार्यालयात सप्टेंबरपासून विचारायला लागा, यादी गुप्त नाही. गावात गट निघाला की ग्रुपवर टाका, सरपंच-पोलीस पाटलांना सांगा, चार जण जा. त्या दिवशी काय होतं ते सांगतो. कर्मचारी रानाच्या कोपऱ्यापासून पावलं मोजत आत जातो, रँडम आकड्याप्रमाणं जागा येते तिथं खुंटी ठोकतो, टेप लावून चौकोन आखतो, सुतळी ताणतो. मोबाईलवर फोटो, लोकेशन. मग आतलं सगळं कापायचं, ताडपत्रीवर टाकायचं, झोडपायचं, उफणायचं आणि वजन. हे नीट केलं तर अर्धा दिवस जातो. दहा मिनिटांत उरकलं तर समजून जा.

बघायचं काय? पहिलं, खुंटी जिथं आली तिथंच राहिली पाहिजे. 'इथं तर काहीच नाही, जरा तिकडं घेऊ' म्हणून चांगल्या पट्ट्यात सरकवायची नाही, कारण तुमचं निम्मं रान बुडालं तर ते निम्मं आकड्यात दिसलंच पाहिजे. दुसरं, पीक पूर्ण गेलं असेल तर तो प्रयोग शून्य म्हणून नोंदवायचा असतो, प्लॉट बदलून दुसरीकडं घ्यायचा नसतो. सुतळी कडेच्या झाडांना कशी लागली, आत कोणती धरली, बाहेर कोणती, तेही बघा, कडेची चार झाडं इतक्या छोट्या तुकड्यात फार फरक पाडतात. वजनकाटा आधी शून्यावर आहे का. ओलावा मोजला का, ओल्या मालाचं वजन तसंच धरलं तर उत्पन्न फुगतं, आणि आपल्याकडं ऑक्टोबरात सोयाबीन कोरडं कधी असतं सांगा. शेवटी फॉर्मवर किलो-ग्रॅम लिहिल्याशिवाय शेतकऱ्यानं सही करायची नाही, त्या फॉर्मचा फोटो काढायचा.

ज्याच्या रानात प्रयोग निघाला त्यानं तोपर्यंत काढणी करायची नाही. मजूर मिळाले म्हणून आधीच काढून बनीम लावली तर तो प्लॉट बाद होतो अन दुसरा घ्यावा लागतो, आणि दुसरा कुठं जाईल सांगता येत नाही. त्याचं नुकसान नको म्हणून गावानं दोन दिवस मजूर द्यायची हमी घेतली तर माणूस थांबतो.

एक विनंती, कर्मचाऱ्याशी भांडायला म्हणून जाऊ नका. एकेकाकडं भरमसाठ प्रयोग असतात, वरून पाऊस. पाणी द्या, मळायला माणूस द्या, काम नीट होतं.

आकडा कसा निघतो

उंबरठा उत्पन्न म्हणजे मागच्या ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर (त्या सरासरीचा किती टक्के भाग विमा धरतो तो), तो आपल्याकडं ७० टक्के. मंडळाचं उत्पन्न याच्या खाली गेलं तरच भरपाई. समजा मंडळाचं सोयाबीन सात वर्षांत हेक्टरी ९, १४, ६, १२, ११, ५ आणि १३ क्विंटल होतं. चांगली पाच म्हणजे १४, १३, १२, ११, ९, सरासरी ११.८, त्याचे ७० टक्के ८.२६. यंदा प्रयोगातून मंडळाचं ५ क्विंटल आलं, तर घट ३.२६. ती ८.२६ नं भागली की साधारण ३९.५ टक्के. ५८,००० वर हेक्टरी सुमारे २२,९०० रुपये.

आता तेच मंडळ साडेआठ क्विंटल आलं तर? शून्य. तुमच्या रानात एक शेंग नसली तरी शून्य. मघाशी ओढ्याकाठच्या रानाचं म्हटलं ते यामुळं. आणि लागोपाठ दुष्काळ-अतिवृष्टीची वर्षं आली की उंबरठाच खाली जातो. १४ च्या जागी ७ असतं तर सरासरी १०.४ अन उंबरठा ७.२८ झाला असता, मग त्याच ५ क्विंटलला भरपाई हेक्टरी १८,२०० च्या आत. सतत मार खाणाऱ्या मंडळाला पुढच्या वेळी कमी मिळतं, हा या पद्धतीतला मोठाच दोष आहे आणि मराठवाड्याइतका तो कुणाला बसत नसेल.

कंपनी पैसे दाबते असं सगळे म्हणतात, त्यावर जाताजाता. आपल्या राज्यात ८०:११० चं मॉडेल आहे, ज्याला बीड पॅटर्न म्हणतात, कारण २०२० ला बीडमध्ये कंपन्या टेंडर भरायलाच तयार नव्हत्या तेव्हा तिथून ते सुरू झालं. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा बोजा राज्यावर, आणि ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीनं २० टक्के ठेवून बाकीचे राज्याला परत करायचे.

पैसे आले नाहीत तर

कापणीचे आकडे कंपनीकडं जाऊन हिशेब झाल्याशिवाय काही येत नाही, त्यामुळं दिवाळीला विम्याची वाट बघू नका. राज्याचा हप्ता अडकला की भरपाई अडकते, त्यावर २०२५ च्या खरिपापासून १२ टक्के व्याजाचा नियम आलाय, राज्यानं उशीर केला तरी आणि कंपनीनं केला तरी.

पहिल्यांदा पोर्टलवर अर्जाचं अन क्लेमचं स्टेटस बघा. 'क्लेम नाही' दिसत असेल तर मंडळाचं यंदाचं उत्पन्न आणि उंबरठा उत्पन्न हे दोन आकडे तालुका कृषी कार्यालयात लेखी मागा, हिशेब वर दिलाय तसा स्वतः करा. पैसे मंजूर पण खात्यात नाहीत असं असेल तर नव्वद टक्के वेळा आधार जोडणीचं असतं, बँकेत जा. शेजाऱ्याला हेक्टरी जास्त अन तुम्हाला कमी आले, एकाच मंडळात, एकाच पिकाला, तर क्षेत्र चुकलेलं असतं, पावती काढून बघा.

यातलं काहीच नसेल तर १४४४७ वर तक्रार, त्याचा नंबर, आणि सोबत तालुका तक्रार निवारण समितीला लेखी अर्ज, तिचे अध्यक्ष तहसीलदार. तिथं नाही झालं तर जिल्हा समिती, जिल्हाधिकाऱ्यांकडं. अर्जात रडगाणं नको, पावती नंबर, गट, पीक, क्षेत्र, मंडळाचे दोन आकडे आणि तुमच्या हिशेबानं किती यायला पाहिजे ते. सोबत पावती, सातबारा, कापणी फॉर्मचा फोटो असेल तर तो. एकट्यानं देण्यापेक्षा मंडळातल्या पाच-सात गावांनी मिळून दिलेला अर्ज लवकर हलतो. आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आणि हो, खरिपाचं भांडण चालू असताना रब्बीची तारीख निघून जाते. ज्वारीला साधारण ३० नोव्हेंबर, गहू-हरभरा-कांद्याला १५ डिसेंबर, उन्हाळी भात अन भुईमुगाला ३१ मार्च, आणि रब्बीची ई-पीक पाहणी परत वेगळी करावी लागते.